बांबूच्या गाडीची शेपटी

त्या वर्षी दिवाळीआधीचे दिवस मी सिंदेवाहीच्या पलीकडच्या एका जंगल-गावात काढले. त्यातला एकही दिवस मी स्वस्थ बसलो असेन असं मला आठवत नाही. गावातल्या लोकांना माझं चालणं हा एक तमाशाच झाला होता. मी बोलताना चालायचो, जेवताना उठायचो, आणि कोणी नुसतं गप्प राहिलं तरी मला वाटायचं, हा माणूस हार मानून राहिलाय.

कारण असं होतं. गावातल्या बांबू तोडणाऱ्यांनी सोसायटी काढली होती आणि लढाईत वापरलेला एक लष्करी ट्रक लिलावात घेतला होता. ट्रक चिंचेखाली उभा होता आणि त्याच्या टपावर कोंबड्या झोपत होत्या, कारण चालवणारा कोणी नव्हता. जंगल खात्याच्या साहेब लोकांनी सांगून ठेवलं होतं की दिवाळीनंतर तोड सुरू होईल तेव्हा सोसायटीजवळ लायसन असलेला ड्रायव्हर असेल तर बल्लारपूरच्या कागद कारखान्यापर्यंतची वाहतूक सोसायटीची. नसेल तर ती पहिल्यासारखी ठेकेदाराची. आणि ट्रक ठेकेदाराचा असला की बांबू किती, चांगला की वाईट, कधी उचलायचा, उन्हात किती सुकवत ठेवायचा, हे सगळं ठेकेदारच ठरवणार. तोडणाऱ्याने फक्त तोडायचं.

मी पॅसेंजर मोटरवर ड्रायव्हर होतो. सोसायटीचं काम कळलं तेव्हा रजा टाकून गेलो. "मास्तर, तुमीच चालवा ना ट्रक," असं गावाने पहिल्याच दिवशी म्हटलं. मी नाही म्हणालो. मी चालवला तर फक्त ठेकेदार बदलला, एवढंच होईल. गावाचा ट्रक गावाच्या माणसाच्या हातात पाहिजे.

असं बोलायला मी कुठे शिकलो ते सांगून टाकतो. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि बिघडलेले कागद घरी आणायचे. दारूबंदीचं पत्रक, गिरणीच्या संपाचं पत्रक, मंदिरप्रवेशाचं, देवीच्या लशीचं, सगळी एकाच गठ्ठ्यात. मी वाचायला शिकलो तोच मुळी "बंधूंनो, उठा" या शब्दांवर. त्यामुळे जगातली प्रत्येक चुकीची गोष्ट एका कागदात समजावून सांगता येते आणि समजलं की माणूस सुधारतो, अशी माझी खात्री होती. अजूनही बरीचशी आहे.

गावाने ज्याला निवडलं तो गावातला सगळ्यांत चांगला गाडीवान होता. गोंड, तिशीतला, हाडापेराने बारीक, बोलायला कमी. बांबू लादलेली बैलगाडी नाल्याच्या दगडांतून तो अशी काढायचा की मागे बसलेल्या बाईच्या डोक्यावरचा पदर हलू नये. त्याला लायसन मिळालं तर वाहतूक गावाची, नाही मिळालं तर ठेकेदाराची. हे त्यालाही ठाऊक होतं. त्याची झोप उडाली होती म्हणतात. माझी तर उडालेलीच होती.

पहिला धडा हँडलचा. तेव्हाच्या गाड्या पुढून हँडल मारून चालू करायच्या. मी म्हणालो, "अंगठा विळखा घालून धरू नका. बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं, मनगट मोडतं."

त्याने हँडलकडे पाहिलं. "लाथ मारते म्हना की."

"हो. लाथ मारतं."

"मंग तसं सांगा ना, मास्तर. इंजिन कायले सांगता मधात? गोऱ्हा लाथ मारते तं आमी त्याच्या मांगं उभंच राहत नाई."

मला ज्या उस्तादाने मोटर शिकवली तो पान्ह्याने बोटांवर मारायचा. चूक कोणती हे सांगायचा नाही. समोरच्या तसबिरीला रोज उदबत्ती लावायचा आणि कुठे मोटर उलटली की म्हणायचा, "वेळ आली होती त्याची." कसली वेळ? ब्रेकचं तेल संपलं होतं. आपल्याकडे ड्रायव्हर असेच तयार होतात. मार खाऊन, कारण न कळता, देवाच्या भरवशावर. पुढे तेच लोक दुसऱ्याला शिकवतात. म्हणून मी ठरवलं होतं की याला एकही गोष्ट कारणाशिवाय सांगायची नाही आणि हात उगारायचा नाही. हात उगारला नाही. पण आवाज फार वेळा चढवला, आणि चढला की गावातली कुत्री माझ्यासोबत भुंकायची.

तो लवकर शिकला. पहिले काही दिवस ब्रेकऐवजी स्टिअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढायचा आणि "हो, हो" म्हणायचा. ते सुटलं. दोनदा क्लच दाबून गिअर बदलणं त्याला आवाजावरून जमलं. रस्त्याच्या पाट्या मी कोळशाने शाळेच्या भिंतीवर काढल्या. त्याला अक्षर येत नव्हतं, पण चित्र एकदा पाहिलं की पुरे. उताराला गिअर काढून गाडी मोकळी सोडायची नाही, हे मी दहा कारणं देऊन सांगितलं. त्याने अकरावं दिलं: "बैल उतारावर मांगं रेटते. गिअर म्हंजे मोटरचे बैलच हायेत. बैल सोडून कोन उतरंल?"

एकच गोष्ट अडत होती. तिथला पक्का रस्ता म्हणजे मधोमध एका गाडीपुरता खडीचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना मऊ माती. समोरून कोणी डोक्यावर ओझं घेऊन येताना दिसलं की हा ट्रक पट्ट्यावरून खाली घालायचा. मोळीवाली असो, वाळल्या मोहाची टोपली घेतलेली पोर असो, कावड घेतलेला म्हातारा असो. ट्रक खाली, माणूस वर.

"अहो, असं किती वेळा उतरणार?" मी ओरडलो. "हॉर्न कशाला दिलाय?"

"ओझं ज्याच्या डोक्यावर, वाट त्याची, मास्तर. जंगलात असंच चालते. रिकामा मानूस बाजूले होते."

मी बोलता बोलता थांबलो. हे तर माझ्या कोणत्याही पत्रकापेक्षा चांगलं होतं! शहरात जो मोठा, जो मोटारीत, त्याची वाट. इथे ज्याच्या मानेवर भार, त्याची. त्या दिवशी मी इतका खूश झालो की शाळेच्या भिंतीवर पाट्यांच्या वर मोठ्या अक्षरांत ते लिहून टाकलं, आणि पुढे प्रत्येक वेळी त्याने ट्रक उतरवला की मीच "शाबास" म्हणायचो.

मग भरलेल्या गाडीचा पहिला दिवस आला. गेल्या मोसमातला बांबू डेपोत पडून होता, तो लादला. लांब बांबू, मागच्या फळकुटाच्या बाहेर चांगला पुरुषभर निघालेला. टोकाला लाल फडकं बांधलं. मी त्याला सांगितलं होतं की वळणावर मागची शेपटी उलट्या बाजूला फेकली जाते, गाडी डावीकडे वळली तर शेपटी उजवीकडे मारते, तेव्हा वळण मोठं घ्यायचं. त्याला पटलं होतं. प्रत्येक वळण त्याने मोठं घेतलं. मी खिडकीतून मागे पाहत होतो. सगळं नीट चाललं होतं.

गावाजवळच्या सरळ रस्त्यावर समोरून त्याची सासू आली. त्याच्या बापाची ती बहीण, म्हणजे आत्याही आणि सासूही. डोक्यावर लाकडाची मोळी. त्याने नेहमीसारखा ट्रक डावीकडे मातीत घातला आणि ती पट्ट्यावरून बाजूने येऊ लागली. मी "शाबास" म्हणायला तोंड उघडलं. मागे लाकडं पडल्याचा आवाज झाला.

आम्ही दोघं उड्या टाकून मागे धावलो. म्हातारी रस्त्यात बसली होती. मोळी विखुरली होती. बांबूची टोकं तिच्या डोक्यावरून अशी गेली होती की मोळी उडाली आणि डोकं राहिलं. तिला खरचटलंही नव्हतं. आम्ही दिसताच तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"का गा बयताडा! वाट देऊन राह्यला का डोस्कं घेऊन राह्यला? माय गेल्यावर तुले कडेवर खेळवलं, ते याच्यासाटी का? आन हा मास्तर! हा तं खिडकीतून मुंडी काढून माया जीव जातानी पाहून राह्यला होता!"

वळणावर आम्ही सावध होतो. वाट देणं हेही एक वळणच आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. गाडी डावीकडे उतरली की शेपटी उजवीकडे जाणार, आणि उजवीकडे नेमकं तेच माणूस, ज्याच्यासाठी गाडी उतरली. बैलगाडीत बांबूची शेपटी जमिनीला घासत मागून येते, तिने कोणाला काही होत नाही. ट्रकची शेपटी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असते.

गाडीवानाने लाकडं गोळा केली, मोळी बांधली, ती स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि म्हातारीला पुढे घालून पायी गावात गेला. ट्रक मी आणला.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी नाई चालवत मोटर."

मी किती बोललो! अंगणात उभं राहून, चालत, परत उभं राहून. तोड तोंडावर आली आहे, चांद्याला परीक्षेचा दिवस ठरला आहे, तुम्ही सोडलंत तर ठेकेदाराचा ड्रायव्हर येईल, तो कोणाला वाट देणार आहे का? तो बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. मान वर न करता म्हणाला, "नाई देनार. हॉर्न वाजवंल. बाई खाली मातीत उतरंल, शिव्या देईल. पन जिती राहील. मी वाट देली तं तिचं डोस्कं जात होतं."

हे माझ्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. चांगल्या मनाचा ड्रायव्हर माणूस मारतो आणि उर्मट ड्रायव्हर मारत नाही, हे कसं सहन करायचं? मी नाल्यापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. हेतू चांगला असला की पुरे, असं मी लहानपणापासून वाचत आलो होतो. रस्त्याला हेतू कळत नाही. त्याला चाक कुठे आहे आणि शेपटी कुठे आहे, एवढंच कळतं. मला राग येत होता आणि तो कोणावर काढावा हे समजत नव्हतं.

परत आलो तेव्हा सासू त्याच्या ओसरीवर बसून त्याला झोडपत होती. "भेऊन घरात बसला म्हंजे झालं का? माया तं लाकूडच पडलं. काल शिकला, ते अर्ध्यात सोडतं का कोनी? शेपूट कुठी जाते ते पाय ना आधी!"

"कसं पाहू? मी समोर बसतो, ते मांगं जाते."

मला तेव्हा सुचलं. मडक्याला भोक पाडून त्यात राख भरायची आणि सगळ्यात लांब बांबूच्या टोकाला बांधायचं. शेपटी जिथून जाईल तिथे राखेची रेघ पडेल. म्हातारी म्हणाली, मडकं मी देते, पण फुटलं तर दोघांनाही सोडणार नाही. गोटुलापुढच्या, म्हणजे गावच्या तरुण मंडळींच्या घरापुढच्या, मोकळ्या जागेत आम्ही ट्रक नेला. मध्ये दोन दोऱ्या टाकून खडीचा पट्टा आखला. म्हातारीच्या जागी काठी रोवून वर पालथी टोपली ठेवली. अर्धं गाव पाहायला आलं.

पहिल्यांदा त्याने रोजच्यासारखी गाडी उतरवली. चाकांचे माग डावीकडे गेले आणि राखेची रेघ उजवीकडे, सरळ टोपलीच्या जागेवरून. टोपली कुठल्या कुठे. पोरं ओरडली. तो खाली उतरून त्या रेघेपाशी बराच वेळ उकिडवा बसला. बोटाने तिच्यावरून मागे पुढे गेला.

मी म्हणालो, "मग सोपं आहे. उतरायचंच नाही. पट्ट्यावर सरळ थांबायचं, बाई बाजूने जाईल."

"मंग भारा घेऊन तेच खाली उतरंल ना, मास्तर. मंग मी कायची वाट देली?"

"जीव वाचला ना तिचा!"

"जीव बी वाचला पायजे आन वाट बी भेटली पायजे."

आमची जुंपली. लोक एकदा माझ्या, एकदा त्याच्या बाजूने बोलत होते. शेवटी त्याने वाद सोडला आणि गाडी मागे घेतली. या वेळी टोपली लांब असतानाच तो हळूहळू डावीकडे सरकला, मग गाडी सरळ करून घेतली, आणि पुढचं टोक टोपलीच्या कितीतरी अलीकडे असताना उभी केली. राखेची रेघ जरा बाहेर गेली होती, पण टोपली यायच्या खूप आधी, रिकाम्या जागेवर. पुढे तीही सरळ आली होती. आणि जिथे गाडी थांबली तिथे रेघ नव्हती. राखेचा छोटासा ढीग होता.

म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन पट्ट्यावरून चालत गेली, शेपटीपर्यंत. राख भरलेल्या मडक्याला तिने हात लावून पाहिला. "आता ठीक हाय," म्हणाली. "लांबून उतर. आन मी येईपावेतो उभा राह्य."

मी हे वाक्य नंतर अनेक ड्रायव्हरांना सांगितलं आहे. कारणासकट. पण त्या दिवशी आम्ही ते परत परत करून पाहिलं. मागून सायकलवाला येत असला तर? आधी आरशात पाहायचं, मग हात बाहेर काढून खाली-वर हलवायचा, मग सरकायचं. माती ओली असली तर? मग उतरायचंच नाही, थांबून क्लीनरने उतरून बाईला सांगायचं. मी प्रश्न विचारत होतो आणि तो गाडी चालवत होता. संध्याकाळी मडकं फुटलं. म्हातारीने शब्द पाळला.

तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, कचेरीत वरचे साहेब हिंदी बोलायचे. परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर उंच, शांत गृहस्थ होते. तो बांबू तसाच पुढे बल्लारपूरला पोचवायचा म्हणून आम्ही भरली गाडीच नेली होती. "खाली गाड़ी लानी थी," ते म्हणाले. मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, चला. पाट्या विचारल्या, त्याने सगळ्या सांगितल्या. मग ते डावीकडे दाराशी बसले, मी मध्ये, गाडीवान स्टिअरिंगवर. निघताना माझ्याकडे वळून म्हणाले, "आप सोसायटीवाले हैं ना? आप एक शब्द नहीं बोलेंगे."

ही शिक्षा त्यांनी मला मुद्दाम दिली असं आजही वाटतं.

वेशीबाहेर पडून गाव मागे पडलं तशी समोरून गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. गाडीवानाने आरशात पाहिलं, हात बाहेर काढला, लांबूनच डावीकडे सरकला, गाडी सरळ केली आणि उभी केली. अगदी राखेवर केली तशी. माझी छाती भरून आली.

"रुके क्यों?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"बाई येऊन राह्यली, साहेब."

"हॉर्न दो. हट जाएगी."

"हटंल साहेब. पन मंग भारा घेऊन मातीत उतरंल."

"तो चलते चलते बगल से निकाल लो. खड़े क्यों हो?"

"नाई साहेब."

मी जीभ दातांखाली धरली. मागून एक पॅसेंजर मोटर आली आणि हॉर्न वाजवायला लागली. बाई सावकाश येत होती. भारा मोठा होता आणि तिला कसली घाई नव्हती. इन्स्पेक्टरांचा आवाज तसाच शांत होता, पण शब्द बदलले. "मैं कह रहा हूँ, गाड़ी बढ़ाओ. नहीं तो फेल कर दूँगा."

दिवाळी आठवड्यावर होती. दुसरी परीक्षा तोड सुरू झाल्यावरच मिळणार होती. फेल म्हणजे वाहतूक ठेकेदाराची, ट्रक चिंचेखाली आणि त्याच्यावर कोंबड्या. मला ओरडून सांगायचं होतं की साहेब, शेपटी पाहा, खाली उतरून पाहा. आणि गाडीवानालाही सांगायचं होतं, एकदाच चालव बाबा, या एका बाईसाठी गाव घालवू नको. हो, तेही मनात आलं.

गाडीवान म्हणाला, "करा साहेब फेल. बाई जाऊ द्या, मंग करा. मांगं बांबू हाय." आणि त्याने इंजिनच बंद केलं.

इन्स्पेक्टर दार उघडून खाली उतरले. मला वाटलं, संपलं. ते गाडीच्या बाजूने मागे गेले. मी गाडीवानाच्या अंगावर झुकून उजवीकडच्या आरशात पाहिलं. बाई ट्रकच्या बाजूने पट्ट्यावरून निघाली, शेपटीपाशी आली, लाल फडक्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे गेली. तिच्या भाऱ्यात आणि बांबूच्या टोकांत हातभर अंतर होतं. इन्स्पेक्टर तिथेच उभे होते. बाई गेल्यावर त्यांनी एका बांबूचं टोक हाताने धरून डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. मग मागच्या मोटरच्या ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले. हॉर्न बंद झाला.

ते परत येऊन बसले. "चलिए," म्हणाले. तो उतरून हँडल मारून आला. अंगठा जागेवर होता. पुढे गाडी मागे घ्यायला लावली, चढावर थांबवून उचलायला लावली. एकदा गिअर खरखरला. कचेरीत आल्यावर त्यांनी सही केली. ते का, हे त्यांनी सांगितलं नाही. मला फक्त एवढंच म्हणाले, "बाँस इतना बाहर मत निकालिए." मी बोलायला लागलो, शेपटीचं, राखेचं, ओझ्याच्या वाटेचं. त्यांनी हात वर करून पुढच्या माणसाला बोलावलं.

पक्कं लायसन हातात पडेपर्यंत दोन दिवस आम्ही चांद्यातच राहिलो. मी त्या दोन दिवसांत सबंध शहर पायी पालथं घातलं. गाडीवान ट्रकखाली सावलीत झोपला. तिसऱ्या दिवशी त्याने बांबू बल्लारपूरला नेला. मी बाजूला बसलो होतो आणि मला करायला काहीच नव्हतं, हे मला फार जड गेलं.

कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेकेदाराचे ट्रक रांगेत उभे होते. आमचा ट्रक मागे लागला तसा पुढचा एक दांडगा ड्रायव्हर उतरला, बोनेटला टेकला आणि मोठ्याने म्हणाला, "काऊन गा, गाडीवान? आज बैल कुठी बांधले?"

रांगेतले सगळे हसले. मी उठायला लागलो, उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, चांगलं लांबलचक. गाडीवानाने खिडकीतून मान बाहेर काढली.

"घरीच ठेवले, भाऊ," तो म्हणाला. "त्याइले अजून लायसन नाई भेटलं."

यावर तो ड्रायव्हरही हसला. मग पुढची गाडी सरकली, आणि आमची तिच्यामागे.